नवा स्टिरिओ घेण्याआधी: गोधडी, कडाप्पा आणि फरशीवरच्या टिकल्या

वाड्यात होता तोवर आमच्या स्टिरिओबद्दल कुणाची तक्रार नव्हती. जुन्या नाशकातला तो वाडा पाडायला निघाला, आम्ही इंदिरानगरला फ्लॅटमध्ये आलो, तोच ॲम्प्लिफायर आणि तेच दोन स्पीकर लावले, तर गाणारी बाई जणू न्हाणीघरात उभी राहून गात होती. डग्ग्याची घुमक गेली आणि तिच्या जागी नुसतं ढुमढुम उरलं. एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, सेट जुना झालाय, आता नवीनच घ्या." मी घेणारही होतो. पण घरी येऊन सहज टाळी वाजवली आणि भिंतींमधून कडकड असा पत्र्यासारखा आवाज परत आला. दुखणं सेटचं नव्हतंच.

वाड्याच्या माडीला मातीच्या भिंती होत्या. त्यांत कोनाडे आणि फडताळं, वर तुळया आणि तक्तपोशी, खुंट्यांवर कपडे, खाली जाजम. आवाज कुठे मुरायचा, कुठे विखुरायचा. फ्लॅटमध्ये खाली व्हिट्रिफाइड टाइल, बाजूला गुळगुळीत रंगवलेल्या भिंती आणि काचेची सरकती खिडकी, वर सपाट स्लॅब. आवाज एका भिंतीवरून दुसरीवर चेंडूसारखा उडतो. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या खोलीच्या आहेत, यंत्राच्या थोड्याच. मला सगळा मिळून दीड हजाराच्या आत खर्च आला, त्यातला बराचसा वायर आणि कडाप्प्यावर गेला. काम एका रविवारचं आहे. मात्र क्रम मोडू नका, कारण वायर उलटी असताना स्पीकर सरकवत बसलात तर दिवस वाया जाईल.

आधी कानाची मोजपट्टी ठरवा

तीन गोष्टी निवडा आणि शेवटपर्यंत त्याच ऐका. पहिली, एखादं मोनो ध्वनिमुद्रण. आपल्याकडे याला उत्तम सोय आहे. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर नाशिकचेच, जन्म १९२१ चा. १९५५ साली ते गेले तेव्हा स्टिरिओ तबकड्या बाजारात यायच्या होत्या, त्यामुळे त्यांचं गाणं मोनोच आहे, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून हुबेहूब सारखा आवाज येतो. असं भजन लावलं की गायक दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये बसलेला वाटायला हवा. तो डावीकडे सरकला, पसरला किंवा डोक्यात शिरल्यासारखा वाटला, तर मांडणीत काहीतरी चुकलंय. दुसरी गोष्ट, तबला स्वच्छ ऐकू येणारं एखादं वादन. तिसरी, साधं बोलणं: बातम्या, मुलाखत, काहीही. माणसाचा आवाज आपण जन्मभर ऐकत आलोय, त्यातली खोट कान लगेच पकडतो.

दोन पथ्यं पाळा. एका वेळी एकच बदल करा. आणि तुलना करताना आवाजाची पातळी तीच ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो. दुकानात महागडा सेट हमखास आवडण्यामागे पुष्कळदा एवढंच गुपित असतं.

वायर: उलटी, सुलटी आणि पुरेशी जाड

ॲम्प बंद करा, प्लग काढा. प्रत्येक स्पीकरची वायर मागून पुढे तपासा. ॲम्पच्या लाल टोकाला लागलेली तार स्पीकरच्याही लाल टोकालाच गेली पाहिजे, दोन्ही बाजूंना. एक जरी स्पीकर उलटा जोडलेला असेल तर एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. मग खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि गायक मध्ये न बसता खोलीभर विरघळतो. मी तपासलेल्या ओळखीच्यांच्या घरांपैकी दोन ठिकाणी नेमकी हीच चूक निघाली, आणि दोन्हीकडे "बेस कमी पडतो" म्हणून वूफर, म्हणजे खर्ज वाजवणारा मोठा स्पीकर, घ्यायचं चाललं होतं.

टोकांवरचे रंग पुसले गेले असतील तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या. स्पीकरची वायर ॲम्पपासून सोडवा आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभरच टेकवा. वूफरचा पडदा पुढे आला तर सेलच्या अधिक टोकाला लागलेली तार अधिकची. आत गेला तर उलट. हे जोडलेल्या स्पीकर-पेटीवर करा, सुट्या ट्विटरवर, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरवर, करू नका.

आता जाडी. सेटबरोबर येणारी केसासारखी वायर काढून टाका. तांब्याच्या दीड चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम असतो. स्पीकर पाच मीटरवर असला तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१२ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे काहीच नाही. तीच वायर ०.२ चौरस मिलिमीटरची असेल तर रोध पाऊण ओहमच्या पुढे जातो, मग खर्जावरची ॲम्पची पकड सैल होते. तेव्हा विजेच्या दुकानात जाऊन घराच्या फिटिंगची, अनेक तारांची मऊ, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. अंतर फार असेल तर अडीचची. दोन्ही स्पीकरची लांबी सारखी कापा, तारांना पीळ द्या आणि एकही केस शेजारच्या टोकाला शिवत नाही ना ते पाहा. तिथे शॉर्ट झालं तर ॲम्पचा आउटपुट उडतो.

मीटरला हजारो रुपये मोजायच्या "खास" तांब्याच्या वायरी मिळतात. तांबट आळी असलेल्या गावातल्या माणसाने तरी तांब्याच्या नावाखाली फसू नये.

स्पीकरची जागा: फुकटचा आणि सर्वांत मोठा फरक

आपल्याकडे स्पीकर जागा बघून ठेवतात. एक शोकेसच्या कप्प्यात, दुसरा फ्रिजवर. किंवा दोन्ही टीव्हीला चिकटून, मध्ये दीड फूट. असं असेल तर बाकी काही केलं नाही तरी चालेल, एवढं एक करा.

नव्या फ्लॅटमधल्या टाइल बहुतेक दोन फूट बाय दोन फुटांच्या असतात. एकदा टेपने खात्री करून घ्या, मग फरशी हीच मोजपट्टी. खोली दहा बाय बाराची धरू आणि स्पीकर दहा फुटी भिंतीकडे ठेवू. दोन स्पीकरमध्ये सहा फूट, म्हणजे तीन टाइल. ते मागच्या भिंतीपासून दोन-सव्वादोन फूट पुढे आणि बाजूच्या भिंतींपासून त्याहून थोडे वेगळ्या अंतरावर. दोन्ही अंतरं सारखी झाली की एकाच सुराला दोन भिंती मिळून खड्डा पाडतात. आता ऐकणाऱ्याची जागा: दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. सहा फुटांच्या पायासाठी तुम्ही स्पीकरच्या ओळीपासून सव्वापाच फुटांवर बसाल, म्हणजे समोरच्या भिंतीपासून साडेसात फुटांच्या आसपास. पाठीमागे साडेचार फूट मोकळे राहतात आणि ते राहायलाच हवेत. सोफा भिंतीला टेकवून ऐकलं की खर्ज फुगतो आणि मागच्या भिंतीवरचा आवाज थेट मानेवर येतो. खोलीच्या अगदी मध्यावर बसणंही टाळा, तिथे काही खालचे सूर चक्क गायब होतात.

"अहो, मग जायचं-यायचं कुठून?" हा प्रश्न आमच्याकडेही आला. तोडगा असा की ऐकताना स्पीकर पुढे, एरवी मागे. खुणा कशा करायच्या ते शेवटी सांगतो.

भिंतीजवळ आणि कोपऱ्यात स्पीकर का नकोत? खर्जाचा आवाज चहूकडे पसरतो. मागे भिंत आली की तो परतून पुढच्यात मिसळतो. हिशेबाने अशी प्रत्येक पृष्ठभागाची भर ६ डेसिबलपर्यंत (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) जाऊ शकते, आणि कोपऱ्यात असे तीन पृष्ठभाग एकत्र येतात. छोट्या स्पीकरला भिंतीचा थोडा टेकू बरा वाटतो, तो अवश्य द्या. मोठ्याला दिलात तर ढुमढुम.

आता तोंड वळवणं. आधी स्पीकर सरळ समोर पाहू द्या. पलुस्करांचं भजन लावा. मग दोन्ही बोटभर बोटभर आत वळवत जा. एका टप्प्यावर आवाज गोळा होऊन मध्ये बसतो, जणू कॅमेऱ्याचा फोकस लागला. त्याच्या पुढे वळवलात तर "स" आणि "श" टोचायला लागतात, तिथून किंचित मागे या. याला माझ्याकडे कोणताही कोन नाही. प्रत्येक जोडीला तो वेगळा असतो आणि कानानेच सापडतो.

उंची आणि बूड

ट्विटर कानाच्या पातळीवर हवा. खुर्चीवर बसणाऱ्याचा कान जमिनीपासून साधारण तीन-सव्वातीन फुटांवर असतो. पण आमच्यासारखी खाली गादी-लोडाची बैठक असेल तर तो अडीच फुटांच्याही खाली येतो. बाजारातले स्टँड खुर्चीच्या हिशेबाने केलेले, बैठकीला उंच पडतात. मी सिमेंटचे भरीव ब्लॉक रचले, वर कडाप्प्याचा कापून आणलेला तुकडा ठेवला आणि कडाप्पा नि स्पीकर यांच्यामध्ये वॉशिंग मशीनखाली घालतात तसले रबरी पॅड चार कोपऱ्यांना. ओट्याच्या कामातून उरलेले तुकडे फरशीवाल्यांकडे पडलेले असतात, ते स्वस्तात देतात. जड आणि न डगमगणारं बूड हवं, एवढंच पाहायचं. हात लावून हलवून बघा, घरात मूल असेल तर दोनदा बघा. स्पीकर खालीच ठेवणं भाग असेल तर पुढून एक पट्टी घालून तोंड कानाकडे वर करा.

शोकेसमधून सुटकाच नसेल तर स्पीकर कप्प्याच्या पुढच्या कडेपर्यंत ओढा आणि मागच्या, बाजूच्या पोकळीत जुन्या चादरी कोंबा. पोकळ कप्पा स्वतःच वाजतो, तो गप्प होईल.

खोलीला काहीतरी पांघरायला द्या

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. आधी टाळीची परीक्षा: ऐकायच्या जागी बसून एकच खणखणीत टाळी वाजवा. मागून झणझण शेपूट आली तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज खेळवतायत. दोन्हीकडे काही लावायची गरज नसते, एका भिंतीवर पुरतं.

मग आरशाची युक्ती. तुम्ही जागेवर बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून दाढीचा आरसा सरकवत न्यायला सांगा. "थांब, इथे स्पीकर दिसतोय" म्हणाल ती जागा पेन्सिलने टिपा. स्पीकरचा आवाज तिथून उसळून तुमच्या कानावर येतो, थेट आवाजाच्या किंचित मागून, आणि शब्द पुसट करतो. दोन्ही बाजूंच्या या जागा पहिल्यांदा झाका. तसाच तिसरा डाग फरशीवर असतो, तुमच्या आणि स्पीकरच्या मध्ये. तिथे जाड सतरंजी, शक्यतो खाली जुनी घोंगडी घालून. नुसत्या या सतरंजीने आमच्या खोलीतली निम्मी कडकड गेली.

भिंतीला काय लावायचं? पातळ पडदा दिसायला बरा, पण तो फक्त अगदी वरचे सूर खातो आणि आवाज मंद, निर्जीव करतो. जाडी महत्त्वाची आहे आणि त्यामागे साधा हिशेब आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर धावतो, म्हणजे १००० हर्ट्झच्या (सेकंदाला १००० कंपनांच्या) सुराच्या लाटेची लांबी ३४ सेंटिमीटर. मऊ वस्तू त्याला नीट पकडते ती लांबीच्या पाव हिश्श्याएवढी जागा मिळाली की, इथे आठ-नऊ सेंटिमीटर. ही सगळी जाडी कापसाचीच हवी असं नाही. वस्तू भिंतीपासून सुटी टांगली तरी मधली हवा हिशेबात येते. म्हणून आईने शिवलेली आठ पदरी गोधडी मी लाकडी चौकटीवर ताणली आणि भिंतीपासून तीन इंच पुढे टांगली. तीच गोधडी भिंतीला चिकटवून पाहिली होती, फरक सहज कळतो. गोधडी नसेल तर पिंजाऱ्याकडून चार इंची कापसाची छोटी गादी भरून घ्या आणि सुती कापडात गुंडाळा. रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर, याहून चांगलं काम करतं, पण ते हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला आणि वरून घट्ट कापड शिवा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला अजून कुणीतरी देतंच. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात, खर्जाला तर त्यांचा पत्ताही लागत नाही आणि आग मात्र चटकन पकडतात. नको.

तुमच्या पाठीमागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर ते सोन्यासारखं. पुस्तकं एका ओळीत न लावता काही पुढे, काही मागे ठेवा. वाड्यातले कोनाडे जे काम करायचे ते हे कपाट करतं. पण सगळीच खोली गाद्यांनी मढवू नका. आवाज अगदी मेला की गाणं बंद पेटीतून आल्यासारखं वाटतं.

ढुमढुमचं काय?

खर्ज हा गोधडीला जुमानत नाही. १०० हर्ट्झच्या सुराची पाव लांबीच ८६ सेंटिमीटर भरते. शिवाय खोलीचे स्वतःचे, तिच्या मापाने घुमणारे सूर असतात. बारा फुटांच्या लांबीचा साधारण ४७ हर्ट्झ, दहा फुटांच्या रुंदीचा ५६. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) सुरात गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास, म्हणजे याच्या जरा वर. बेस गिटारचे खालचे सूर मात्र नेमके इथेच पडतात, म्हणून सिनेमाच्या गाण्यात एखादाच सूर उगाच गरजतो. स्लॅबची उंचीही दहा फुटांच्या आसपास असली तर रुंदीचा आणि उंचीचा सूर एकच होऊन तो आणखी चढतो.

स्वस्त उपाय दोन. पहिला, बसायची जागा आणि स्पीकर सहा-सहा इंच पुढे-मागे करून पाहणं. कंटाळवाणं आहे, पण गुण याचाच येतो. दुसरा, पाहुण्यांसाठीच्या गाद्यांची जाड वळकटी करून स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत उभी करणं, जमिनीपासून जितकी उंच जाईल तितकी. खालच्या ४७ ला तिने फार फरक पडत नाही, त्याच्या वरचा फुगवटा मात्र उतरतो.

वेगळा सबवूफर असेल तर तो तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेसचं गाणं लावा आणि तुम्ही भिंतीच्या कडेने रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यांत एकसारखा ऐकू येईल तिथे सबवूफर. घरचे हसतील, हसू द्या.

लॅपटॉपवरून ऐकत असाल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर खोलीचा आलेख काढून देतं आणि इक्वलायझर एपीओ, तेही फुकट, दुरुस्ती करतं. नियम एकच: आलेखातले उंचवटे कापा, खड्डे भरायला जाऊ नका. खोली जो सूर खाऊन टाकते तो कितीही वाढवला तरी ती खातच राहते, ॲम्प फक्त तापतो.

घरघर आणि खरखर

गाणं बंद, व्हॉल्यूम थोडा वर. स्पीकरमधून घरघर येते का? पंख्याच्या रेग्युलेटरचा खटका फिरवून पाहा. बटण सलग फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या लाटेचे तुकडे पाडतो, ते स्पीकरमध्ये भुणभुणतात. पायऱ्या-पायऱ्यांनी फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर लावला की ते थांबतं.

त्याने नाही गेलं तर ॲम्प, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स एकाच बोर्डावर घ्या. मग केबल टीव्हीची वायर बॉक्समधून काढून पाहा. घरघर गेली तर अर्थिंगचा फेरा, म्हणजे दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह, तिथून येतोय, त्या वायरवर तो तोडणारा आयसोलेटर बसतो. लॅपटॉपने कुरकुर होत असेल तर चार्जर काढून ऐका. तीन पिनांमधली अर्थची पिन मात्र कधीही कापू नका. घरघर जाते, सोबत जीवही जाऊ शकतो.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखरलं तर प्लग काढून, थोडा वेळ थांबून, आत काँटॅक्ट क्लीनर मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. शिवणयंत्राचं तेल घालू नका. ॲम्पच्या मागच्या पिना काढून आयसोप्रॉपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. ॲम्पवरचा भरतकामाचा रुमाल आणि फुलदाणी उचला, त्याला वरून चार बोटं तरी हवा लागते.

जुन्या स्पीकरची जाळी काढून पडद्याच्या कडेची रिंग पाहा. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत ती चिकट होऊन भुगा होते, बोट लावताच गळते. अशा स्पीकरवर जोरात वाजवू नका. स्पीकर दुरुस्तीवाले ती रिंग बदलून देतात, रबराची मागा. सगळा स्पीकर बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

गाणं येतं कुठून

मोबाइलमधलं बेस बूस्ट, थ्रीडी वगैरे बंद. ॲपमधली गुणवत्ता सगळ्यांत वरच्या पायरीवर, कारण डेटा वाचवायला ती बरेचदा खाली असते. ब्लूटूथऐवजी वायरने जोडायचं असेल तर फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेवा आणि ॲम्पचा कमी, उलट केलंत तर फोनची खसखसही मोठी होते. बाकी, कुणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून चढवलेलं गाणं कुठल्याच सेटवर चांगलं वाजणार नाही.

जुन्या ॲम्पवरचं लाउडनेसचं बटण हळू आवाजात दाबा, मोठ्या आवाजात सोडा. हळू आवाजात आपला कान खर्ज कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं, ते बटण त्याचीच भरपाई आहे. आणि ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा ॲम्प घ्यायचं मनात असेल तर लक्षात घ्या, त्याने फक्त ३ डेसिबल वाढतात. दुप्पट मोठं वाटायला साधारण १० लागतात.

आता त्या खुणा. सगळं जमलं, भजन मध्ये बसलं, आणि दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना स्पीकर सरकले की पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी खडू वापरला, तो पहिल्याच पुसण्यात गेला. चिकटपट्टीच्या कडा काळ्या झाल्या. शेवटी बायकोनेच पाकिटातून चार मरून टिकल्या काढून दिल्या. प्रत्येक स्पीकरच्या पुढच्या दोन कोपऱ्यांशी एकेक लावली आहे. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी निघते, तेव्हा नवी लावतो.